नियम तोंडपाठ, तरी वहीत ‘एस’ चुकतो

सेमी इंग्रजीत सहावीला असलेल्या एका मुलाची आई त्याच्या इंग्रजीच्या दोन वह्या घेऊन आली. “व्याकरणाचे नियम विचारा, घडाघडा म्हणून दाखवतो. निबंध लिहायला बसला की पुन्हा तेच. क्लासच्या बाई म्हणतात, लक्ष नसतं. याला अध्ययन अक्षमता तर नसेल ना?” ही काळजी घेऊन अनेक पालक येतात.

वह्यांतल्या लाल खुणा किती यापेक्षा त्या कशाच्या, हे आधी पाहिलं. चार वाक्यांचे नमुने पुन्हा पुन्हा येत होते: ‘टू हँड’, ‘द बॉइज प्लेज’, ‘ही डिड नॉट प्लेड’ आणि ‘माय ग्रँडफादर ड्रिंक टी’.

दुर्लक्षातून होणाऱ्या चुका विखुरलेल्या असतात. या चुकांना शिस्त होती, आणि ती मराठीची होती. एक हात, दोन हात. एक डोंगर, दोन डोंगर. मराठीत अशी नामं बदलत नाहीत, म्हणून ‘टू हँड’. ‘मुलगा खेळतो, मुलगे खेळतात’ यात कर्ता आणि क्रियापद दोन्ही बदलतात, म्हणून त्याने ‘बॉइज’सोबत ‘प्ले’लाही एस जोडला. आजोबांचं वाक्य तर फार बोलकं आहे. त्याच वहीत ‘माय ब्रदर ड्रिंक्स मिल्क’ बरोबर होतं. धाकटा भाऊ दूध पितो, पण आजोबा चहा पितात! आदरार्थी अनेकवचन त्याने इमानदारीने इंग्रजीत नेलं होतं. अशा मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

मग एक छोटी चाचणी घेतली. 1958 मध्ये अमेरिकेत जीन बर्को यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून ‘हा वग’ असं सांगितलं. मग दोन प्राणी दाखवून वाक्य पूर्ण करायला लावलं. शब्द पूर्वी ऐकलेलाच नसल्यामुळे पाठांतर उपयोगी पडत नाही, नियम मुरला असेल तरच उत्तर येतं. हा मुलगा ‘टू वग्ज’ चटकन म्हणाला. बनावट क्रियापदावर मात्र अडला. तेही स्वाभाविक आहे. रॉजर ब्राउन यांनी 1973 मध्ये मांडलेल्या अभ्यासात इंग्रजीच मातृभाषा असलेल्या मुलांनाही अनेकवचनाचा एस आधी आणि क्रियापदाचा बराच नंतर जमला होता.

म्हणून घरचा सराव रोज दहा मिनिटांचा ठेवला, आणि एका आठवड्यात एकच गोष्ट. आधी अनेकवचन, तेही तोंडी: घरातल्या वस्तू दाखवत ‘वन कप, टू कप्स’, ‘वन ग्लास, टू ग्लासेस’. ग्लास, बॉक्स, वॉच यांच्या शेवटी आधीच स, श, चसारखा आवाज असतो. नुसता एस ऐकूच येणार नाही, म्हणून ‘इझ’ असा वेगळा उच्चार होतो.

दुसऱ्या आठवड्यात क्रियापद. ‘एस एकदाच, नाहीतर नामाला नाहीतर क्रियापदाला’ ही क्लासमधली युक्ती अर्धवट आहे. ‘चिल्ड्रन प्ले’ आणि ‘आय प्ले’ यांत ती फसते. त्याऐवजी कर्त्याच्या जागी ‘ही’, ‘शी’ किंवा ‘इट’ बसवून पाहायचं. साध्या वर्तमानकाळात बसलं तर एस, नाहीतर नाही. आजोबा कितीही वडीलधारे असले तरी ‘ही’च.

त्यानंतर ‘डिड’. भूतकाळ वाक्यात एकदाच दाखवायचा; ‘डिड’ने तो घेतला की पुढे मूळ ‘प्ले’. ‘डज’ आल्यावर एसचंही तसंच. ईडीचा उच्चार शिकवताना ‘वॉकेड’ म्हणू देऊ नका: वॉक्ट, प्लेड, आणि फक्त ट किंवा डच्या आवाजानंतर ‘इड’, जसं वॉन्टेड. स्पेलिंग शेवटी. वायच्या आधी व्यंजन असेल तर कॅरीज, कॅरीड यांत वायचा आय होतो. प्लेमध्ये स्वर असल्याने वाय राहतो.

निबंध तपासताना त्या आठवड्याच्या चुकीलाच खूण करा, बाकीच्या सोडा. एका पानावर वीस लाल खुणा दिसल्या की मूल काहीच दुरुस्त करत नाही, वाक्यं मात्र आखूड लिहू लागतं.

अक्षमतेची तपासणी करावी का, हे मराठीवरून पाहावं. हा मुलगा मराठी धडा सलग वाचत होता, फळ्यावरचं नीट उतरवत होता, म्हणून तपासणीला पाठवलं नाही. मराठीतही वाचन अडखळत असेल, जोडाक्षरं वा काना-मात्रा सतत गळत असतील, तोंडी उत्तर चांगलं आणि लेखी फारच मागे असेल, तर मात्र सहामाहीची वाट न पाहता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.