ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराच्या) कोपऱ्याची सैल झालेली अ‍ॅल्युमिनियम पट्टी नुसती सिलिकॉनने चिकटवली तर चालेल का?

नाही, पट्टी काढा, खाली नवी ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावा आणि पुन्हा स्क्रूनेच कसा. ही पट्टी शोभेची नसते. छत आणि भिंत जिथे मिळतात ती फट ती झाकते, पण पाणी खरं अडवते तिच्याखालची टेप. टेप वाळली की स्क्रूच्या भोकांतून पाणी आतल्या लाकडात मुरतं आणि स्क्रूची पकड जाते. जुना चिकटा मिनरल स्पिरिटने (रंगाच्या थिनरसारख्या द्रावकाने) साफ करा. भोक सैल झालं असेल तर ८ नंबरऐवजी १० नंबरचा स्टेनलेस स्क्रू घ्या. सिलिकॉन टाळाच, नंतर त्यावर दुसरं सीलंट धड चिकटत नाही. स्क्रू झाकणारी व्हिनाइलची पट्टी बसवताना ताणू नका, ती पुढे आखडते. मात्र टोचून पाहिल्यावर लाकूड भुसभुशीत लागलं तर आधी ते बदला. कुजक्या लाकडात जाडा स्क्रूही टिकणार नाही.