वेब चॅट फक्त ऑफिसच्या आयपीवरूनच उघडावं, असं कसं करायचं?

चॅटच्या पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) असेल तर सोपंय, त्याच्या सेटिंग फाइलमधल्या चॅटच्या पत्त्याच्या भागात, म्हणजे लोकेशन ब्लॉकमध्ये, अलाउ (allow) लिहून ऑफिसचा पब्लिक आयपी टाका आणि त्याखाली डिनाय ऑल (deny all, म्हणजे बाकी सगळ्यांना बंदी), क्रम उलटा नको कारण नियम वरून खाली तपासतात आणि पहिला जो जुळतो तोच लागतो. वेबसॉकेटचं (चॅटचे मेसेज ज्यावरून येतात-जातात ते सतत उघडं राहणारं कनेक्शन) लोकेशन वेगळं असेल तर तिथेही हेच टाका, नाहीतर पान बंद दिसतं पण चॅटचं कनेक्शन उघडंच राहतं! मध्ये क्लाउडफ्लेअरसारखा प्रॉक्सी असेल तर एनजिनएक्सला सगळे त्या प्रॉक्सीच्या आयपीवरूनच आलेले दिसतात, म्हणून आधी रिअल आयपी मॉड्यूल (हेडरमधून खरा आयपी काढणारा भाग) सेट करा, त्यात भरवसा फक्त प्रॉक्सीच्याच आयपी रेंजवर, कारण खरा आयपी सांगणारा हेडर कोणीही खोटा पाठवू शकतो. आणि प्लीज मोबाइल नेटचा आयपी यादीत घालू नका, सीजीनॅटमुळे (मोबाइल कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते ती पद्धत) त्याच आयपीमागे कितीतरी अनोळखी लोक असतात, घरून काम करणाऱ्यांना ऑफिसच्या आयपीवरून बाहेर पडणारं व्हीपीएनच द्या.