वर्ग गप्प का बसतो?

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतली. एम.ए., बी.एड. करून मे महिन्यात थायलंडच्या ईशान्य भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आले. वर्गात चाळीस मुलं. काही विचारलं की हसतात, माना खाली घालतात, बोलत कुणीच नाही. सोबतच्या शिक्षिका म्हणाल्या, तुमचे उच्चार मुलांना समजत नाहीत. आमचं घर माळकरी, आणि इथं भाजीतसुद्धा माशाचं पाणी. रोज रात्री रडू येतं. ऑक्टोबरच्या सुट्टीत घरी यावं आणि परत जाऊच नये, असं वाटतं. काय करू?

उत्तर : अगं पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी थायलंडला शिकवायला गेले तेव्हा एकतीस वर्षांची होते, सहा वर्षं राहिले, आणि पहिला महिनाभर मलाही वाटायचं की मुलांना मी नकोच आहे.

तसं नसतं. त्यांच्याकडे ‘क्रेंग जाय’ म्हणतात, आपल्या ‘भीड’ या शब्दाच्या अगदी जवळचं. उत्तर चुकलं तर चारचौघांत मान खाली जाईल, ही एक भीती. आणि ‘समजलं नाही’ म्हटलं तर बाईंना नीट शिकवता आलं नाही असा अर्थ निघेल, बाईंना वाईट वाटेल, ही दुसरी. ती गप्प बसतात त्यात तुझा मानही आहे. म्हणून एकेकट्याला उभं करू नकोस. चौघाचौघांना एकत्र बसव, आधी आपसांत बोलू दे, मग उत्तर सगळ्यांचं म्हणून येऊ दे.

माझा वर्ग फुटबॉलमुळे बोलायला लागला. एके दिवशी फळ्यावर शाहू स्टेडियम काढलं आणि सांगितलं, माझ्या गावात कुस्तीच्या तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ आहेत. दिलबहार आणि पाटाकडीलची मॅच असली की पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात. मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, ‘टीचर, युवर टीम?’ पाच आठवड्यांत मला आलेला तो पहिला प्रश्न. व्याकरण मी दुरुस्त केलं नाही. त्यांच्या भाषेत क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत, अनेकवचनालाही नाही. ते सावकाश येतं.

त्याच तासाला ‘फुटबॉन’ ऐकलं. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ‘ल’ टिकत नाही, त्याचा ‘न’ होतो. दात ओठाला लावून काढायचा व्ही त्यांच्याकडे नाही. आणि खरं सांगू, आपल्याकडेही नाही. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ आपण लिहितो वेगळं, बोलताना ओठ दोन्हीकडे सारखेच. मी खोलीत आरशासमोर उभी राहून खालच्या ओठाला दात लावायला शिकले, आणि मग तोच आरसा वर्गात नेला. त्या बाई बोलल्या ते मनाला लावून घेऊ नकोस, पण ऐक. उलट थाई शिकताना क-ख, त-थ तुला आयते मिळतील. इंग्लंडहून आलेल्या शिक्षकांना तोच फरक फार छळतो. थाईतले पाच सूर, म्हणजे आवाजाचे चढउतार, मात्र घोटावे लागतील. रोज संध्याकाळी बाजारात जा आणि भाजीवालीशी बोल.

जेवणाचं तर वाक्यच पाठ कर : ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचं पाणी घालू नका. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेली दुकानं शोध. तिथं मांस-मासे, अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. आईला हे फोनवर आवर्जून सांग. ‘मांगसाविरत’ म्हटलंस तर अंडं ताटात येऊ शकतं. शब्द आपलाच आहे, मांस-विरत.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तू करू नकोस. शाबासकी म्हणून एका मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. आपल्याकडे तो आशीर्वाद. तिथं मस्तक पवित्र, हात लावत नाहीत.

आता जूनमध्ये तुमच्या शाळेत ‘वाय ख्रू’, म्हणजे गुरुवंदन, होईल, बहुधा गुरुवारी. ख्रू म्हणजे गुरू, आणि त्यांच्या गुरुवारच्या नावात बृहस्पती आहे. मुलं गुडघ्यांवर येऊन फुलं देतात. त्यात एक्झोराचे तुरे असतात, खाली मान घातलेलं वांग्याचं फूल असतं, आणि दूर्वा. गणपतीला वाहतो तीच हरळी. माझ्या हातात ती आली तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले, आणि पुढच्या रांगेतल्या मुलीही रडल्या. निदान तो दिवस बघ.

ऑक्टोबरात घरी ये, आईच्या हातचं जेव, अंबाबाईला जाऊन ये. पण निघण्याआधी इमिग्रेशन ऑफिसातून री-एंट्री परमिट काढ. ते न काढता देश सोडलास तर राहण्याची परवानगी तिथंच संपते, मग मन बदललं तरी सगळी कागदपत्रं पहिल्यापासून. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा असतो, त्याची मोजणी परतल्यावर नव्यानं सुरू होते. आल्यावर मला फोन कर, नंबर संपादकांकडे आहे.