मुंबईच्या पोरांनी चळवळ केली कुठे?

प्रश्न : ताई, मी कलिन्याला एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थी चळवळीच्या परंपरेवर आमच्या विभागात दोन दिवसांचा कार्यक्रम आहे आणि प्रदर्शन माझ्या गळ्यात पडलंय. वर्गातले म्हणतात, चळवळी दिल्लीत होतात. मुंबईची पोरं लेक्चर संपलं की लोकल पकडतात. मग लावू काय?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : अगं, लोकल पकडतात हे खरंच आहे. मीही पकडायचे. आपली कॉलेजं शहरभर विखुरलेली, त्यामुळे आवारात शोधत बसलीस तर फार काही हाती लागणार नाही. रस्त्यावर ये.

सुरुवात बंदरापासून कर. 3 फेब्रुवारी 1928 ला सायमन कमिशन तिथे उतरलं तेव्हा युसूफ मेहेरअली आणि त्यांचे सोबती निषेध करायला हमालांच्या वेषात आत घुसले होते. मेहेरअली तेव्हा 24 वर्षांचे, म्हणजे तुझ्याच आगेमागे. मग गवालिया टँक, ‘चले जाव’ची हाक दिली ते मैदान. 1942 साली उषा मेहता 22 वर्षांच्या होत्या, शिकत होत्या. 42.34 मीटरवर त्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ चालायचा, पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून सारख्या जागा बदलत. 12 नोव्हेंबरला पकडल्या गेल्या. पुढे त्यांनी आपल्याच विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, हे तुझ्या विभागातल्या किती जणांना ठाऊक आहे, विचार बरं.

माझ्या वाट्याला नामांतर आलं. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि तिकडे दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. इथे आम्ही पोस्टरं लावत हिंडायचो. भाषणं मुलगे करायचे (हेही लिही प्रदर्शनात), खळ शिजवायचं काम माझं. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. ऐन पावसाळा. रात्री लावलेलं पोस्टर सकाळी फुटपाथवर लोळण घेतलेलं. शेवटी आम्ही पुलाखालच्या कोरड्या भिंती हेरून ठेवल्या; दादर ते परळ कुठली भिंत गळत नाही ते मला अजून पाठ आहे.

प्राचार्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. ते गिरणीतली पाळी संपवून तसेच आले, उभ्याने सगळं ऐकून घेतलं. बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाले, “बादली घरी आण. आई शोधतेय.”

विद्यापीठाला नाव मिळालं 14 जानेवारी 1994 ला. तोवर माझी मुलगी चौथीत गेली होती. त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने आपल्याकडच्या विद्यार्थी निवडणुका बंद केल्या आणि गुणपत्रिका बघून प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. या दोन तारखा एकाच तक्त्यावर, शेजारी शेजारी लाव. खाली काही लिहू नकोस.

पुढाऱ्यांच्या तसबिरींना हार घालून मोकळी होऊ नकोस, एवढी विनंती. तुझ्या डब्यातही माझ्या वयाच्या बायका असतील. त्यांना विचार, कॉलेजात असताना काय काय केलंत. निम्म्या जणी आधी नाही म्हणतील. ठाणं येईस्तोवर बोलायला लागतील.

आणि पोस्टरं चिकटवायला ती तयार टेप आणू नकोस, भिंतीचा रंग निघतो. खळीचं प्रमाण हवं असेल तर कळव. मोरचुदाचा हात मात्र धुतल्याशिवाय डबा खाऊ नकोस.