डब्यात पोळी नको

इंग्लंडमध्ये शाळेत जाणारं मूल अचानक म्हणतं, "उद्यापासून सँडविचच दे." कधी तो नुसता कंटाळा असतो. पण त्याच सुमारास सकाळी पोट दुखू लागलं किंवा मूल स्वतःचं नाव तोडून सांगू लागलं, तर चौकशी करा. "कोणी चिडवतं का?" याचं उत्तर "नाही" असंच येतं. "जेवायला कोणाशेजारी बसलास?" इथून सुरुवात करा. तोवर सँडविच द्यायला हरकत नाही.

मूल बोललं की त्याच रात्री लिहून ठेवा: तारीख, जागा, कोण हजर होतं आणि शब्द जसेच्या तसे. नुसतं "वाईट बोलला" असं नको. मेथीची भाजी बघून नाक दाबलं आणि "गो बॅक टू युवर कंट्री" म्हटलं, तर तेच लिहा. शिवी असेल तर शिवीही. मेसेजच्या स्क्रीनशॉटमध्ये नाव आणि वेळ दिसायला हवी.

मग ईमेल. प्राथमिक शाळेत वर्गशिक्षकांना, सेकंडरीत हेड ऑफ इयरना (त्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षकांना). फाटकापाशी उभ्याउभ्या केलेली तक्रार कुठेच नोंदली जात नाही. आपली भीडही इथे नडते. "शाळा फार छान आहे, पण..." अशी सुरुवात केली की प्रकरण मुलांच्या कुरबुरीत जमा होतं. ईमेलच्या विषयातच "रेसिस्ट इन्सिडंट" (वंशभेदी घटना) लिहा. नोंद काय झाली, पुढे काय करणार आणि लेखी उत्तर कधी देणार, हे विचारा. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली, ते बहुधा सांगत नाहीत. त्याच्या आईवडिलांना परस्पर फोन तर मुळीच करू नका.

बरेच पालक चुकतात ते पुढे. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० हा भेदभावविरोधी कायदा शाळेला बांधतो, चिडवणाऱ्या विद्यार्थ्याला नाही. म्हणून घडलेलं कळल्यावर शाळेनं काय केलं, यावर तक्रारीचा रोख ठेवा. इतर छळाची दखल घेतली आणि वर्णावरून झालेल्या छळाची टाळली, तर मुद्दा भक्कम होतो.

उत्तर पटलं नाही तर शाळेच्या वेबसाइटवरची तक्रार प्रक्रिया धरा: आधी हेडटीचर, मग गव्हर्नर्स (शाळेचं नियामक मंडळ). सरकारी शाळा असेल तर शिक्षण खात्याकडे त्यानंतरच जाता येतं. शाळांची तपासणी करणारी ऑफस्टेड ही संस्था एकेका कुटुंबाचा तंटा सोडवत नाही. मुलाबद्दलच्या नोंदी हव्या असतील तर "सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट" (वैयक्तिक माहिती मागण्याचा अर्ज) करा, साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. शाळेनं भेदभाव केल्याचा दावा काउंटी कोर्टात ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो, आणि शाळेत तक्रार चालू आहे म्हणून ती मुदत थांबत नाही.