‘जेवायल्यात’ हे यंत्राला कसे कळावे?

कोल्हापुरातील एका पालकांनी लिहिले आहे : “माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असून तिला कॅम्पसची नोकरी न घेता एनएलपी, म्हणजे मानवी भाषा संगणकाला समजावण्याच्या विषयात संशोधन करायचे आहे. चॅटजीपीटी मराठीत उत्तरे देत असताना या विषयात करण्यासारखे काय उरले? तिची मराठी व्याकरणाची आवड इथे उपयोगी पडेल का? आणि घरखर्चाचे काय?”

महोदय, सप्रेम नमस्कार.

‘पोरं जेवायल्यात’ हे वाक्य आपल्या घरात रोज कानावर पडत असेल. मुले आत्ता जेवत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. प्रमाण मराठीत मात्र ‘जेवायला’ हे रूप हेतू दाखवते : पाहुणे जेवायला आले. चॅटजीपीटीसारख्या ज्या मॉडेलचे शिक्षण मुख्यतः वृत्तपत्रांतील आणि संकेतस्थळांवरील लेखी मराठीवर झाले आहे, ते शब्दाचे तुकडे पाडून अर्थ लावत असल्यामुळे अशा ठिकाणी चुकू शकते, आणि चुकल्यावरही इतके सफाईदार वाक्य लिहिते की चूक कोणाच्या लक्षात येत नाही. ती चूक नेमकी कोठे आणि का होते हे शोधणे, ती मोजण्याची रीत ठरवणे आणि मग उपाय करून पाहणे, याला संशोधन म्हणतात. तयार मॉडेल वापरून चॅटबॉट बनवणे हे चांगले कौशल्य आहे, पण ते वेगळे काम आहे. मुलीला यांतले कोणते हवे आहे, हे तिला आधी विचारावे.

प्रमाण मराठीही यंत्राला सोपी नाही. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ या एका शब्दात सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि विभक्तिप्रत्यय एकमेकांना चिकटून बसले आहेत. आजच्या मॉडेलांचा पाया असलेली ट्रान्सफॉर्मर ही रचना २०१७ मध्ये मांडली गेली, ती प्रामुख्याने इंग्रजी आणि युरोपीय भाषांवर तपासून. मराठीसाठी आयआयटी मुंबईच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने ‘शब्दबंध’ हा शब्दांच्या अर्थांतील नाती दाखवणारा कोश उभारला आणि पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने महाबर्टसारखी मराठीवर शिकवलेली मॉडेले खुली केली. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीचा, ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील वाक्यरचनेच्या खुणा केलेला संग्रह कित्येक वर्षे पाचशे वाक्यांच्या आतच राहिला. काम उरले आहे का, या प्रश्नावर मी याहून अधिक काही लिहीत नाही.

व्याकरणाची आवड हे तिचे भांडवल आहे, मात्र तेवढ्यावर दुकान चालणार नाही. संभाव्यता, संख्याशास्त्र आणि रैखिक बीजगणित हे विषय परीक्षेपुरते उरकले असतील तर ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागतील. (सुट्टीत चार व्हिडिओ पाहून बायोडेटावर ‘संशोधनाची आवड’ लिहिणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात आणि मुलाखतीत याच विषयांवर अडखळतात.) पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा तिला येत असणार.

पुढचा रस्ता म्हणजे गेट ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमटेक, किंवा हैदराबादच्या ट्रिपल आयटीसारख्या संस्थेत संशोधनाधारित एमएस, आणि त्यानंतर पीएचडी. गेटमध्ये २०२४ पासून डेटा सायन्स व एआयची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. खर्चाविषयी सांगायचे तर केंद्र सरकारच्या २०२३ पासूनच्या दरांनुसार पीएचडी करताना मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये असून वरिष्ठ टप्प्यात ती ४२,००० होते. ती कॅम्पसमधील चांगल्या पगाराची बरोबरी करणार नाही आणि पीएचडीला पाच वर्षे सहज लागतात. घरावर कर्ज असेल तर दोन वर्षे नोकरी करून मग वळण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

निर्णयापूर्वी तिने एक काम करावे. घरात, भाजी मंडईत आणि एसटी स्टँडवर ऐकलेली ‘-यला’ रूपांची दोनशे वाक्ये तिने वहीत उतरवावीत. प्रत्येक वाक्यात क्रिया चालू आहे की हेतू आहे, याची खूण तिने आणि एका मैत्रिणीने एकमेकींचे न पाहता करावी. दोघींचे कितीदा जुळले ते मोजावे आणि जिथे जुळले नाही तिथे का जुळले नाही, हे लिहून काढावे. मग तीच वाक्ये दोन-तीन मॉडेलांना द्यावीत. हे काम महिनाभराचे आणि कंटाळवाणे आहे. दीडशेव्या वाक्यालाही तिला मैत्रिणीशी वाद घालावासा वाटला, तर ती वही घेऊन तुम्ही आणि मुलगी मला भेटायला या. कोणत्या प्राध्यापकांना आणि काय लिहायचे, ते आपण त्या वहीवरूनच ठरवू.