चौदा दिवसांची रेघ

मालवण,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या प्रयोगशाळेत तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईने मला बाजारात, सुरमईचा भाव करता करता सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण डॉक्टर, गर्भावर काम करायचं म्हणजे पाप तर नाही ना?" तिला हसू नकोस. 1984 साली ब्रिटनमध्ये गर्भावरच्या संशोधनाचे नियम सुचवणारी मेरी वॉर्नॉक यांची समिती याच कोड्यापाशी अडली होती.

पाच दिवसांचा गर्भ म्हणजे वाळूचा बारीक कण, शे-दोनशे पेशींचा. त्याच्या आतल्या मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, काढल्या की तो संपतो. सगळं भांडण तिथलं. समितीने चौदाव्या दिवसावर रेघ ओढली: त्यापुढे प्रयोगशाळेत गर्भ वाढवायचा नाही. साधारण तेव्हा गर्भात आदिरेषा, म्हणजे शरीराच्या आखणीची पहिली खूण, उमटते, आणि त्यापुढे एकाचे दोन जीव सहसा होत नाहीत. एक की दोन हेच ठरलेलं नाही त्याला व्यक्ती कसं म्हणावं, असा तो युक्तिवाद. मला तो पुरता पटलेला नाही, पण रेघ असावी हे पटतं. आपली पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. 1 ऑगस्टच्या माशाला त्याचं काय? तारीख माणसांनी ठरवली, बहुतेकांनी पाळली, म्हणून समुद्रात काही उरलं. काल किल्ल्यावरचा मानाचा नारळ सागराला वाहिला तेव्हाही हेच मनात होतं.

आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या सूचनांत चौदा दिवसच आहेत. मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र 2021 मध्ये ती सरसकट मनाई सैल केली. कदाचित बरोबरही असेल. पण बंदीची तारीख ट्रॉलरवाल्यांनी एकट्यांनी बसून ठरवली तर किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले गप्प बसतील का?

कुणी म्हणेल, जपानच्या यामानाकांनी 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशीच मागे फिरवून मूलपेशींसारख्या केल्या, आता गर्भ कशाला? त्या पेशी अस्सलबरहुकूम वागतात का हे ताडायला अजून गर्भातल्या पेशी लागतात, एवढं उत्तर पुरे.

एक मात्र नीट ऐक. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक यांचे मूलपेशींवरचे शोधनिबंध खोटे निघाले, हे तू वाचलं असशीलच. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या दोन कनिष्ठ मुलींनी प्रयोगासाठी स्वतःची बीजांडं दिली होती, हेही 2005 मध्ये बाहेर आलं. तू तिथे सगळ्यांत धाकटी असशील. साहेबांना 'नाही' म्हणणं जिथे जड जातं, तिथल्या संमतीपत्रावरच्या सहीला मी फारशी किंमत देत नाही.

आणि माझी चूक. आपल्याच वाडीतल्या एकाने स्नायू झिजत चाललेल्या मुलासाठी काजूची बाग गहाण टाकून शहरात 'स्टेम सेलची' इंजेक्शनं घेतली. आधी मला विचारलं होतं. रक्ताच्या आजारांतलं मूलपेशी-रोपण सोडलं तर बाकी जवळपास सगळं चाचणीच्या पातळीवर आहे, हे मला ठाऊक होतं. तरी त्याच्या डोळ्यांतली आशा बघून मी "बघा, प्रयत्न करून" म्हणालो. मुलाला गुण आला नाही, बागही गेली. आता गावातून असले फोन तुला येतील. त्याच दिवशी, स्पष्ट उत्तर दे.

आईला चौदा दिवसांचं तूच सांग. ती आणि तुझी मावशी हुबेहूब जुळ्या. तिला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

तुझा,
डॉक्टरकाका